घुसळण

आकाशाकडे पाहिले की मनाला शांती लाभते, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. कवींनी तो पाडला आणि दिवसभराच्या कामाने शिणलेल्या माणसांनी तो निमूटपणे मान्य केला. परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला तर आकाशाचा विशेष आधार वाटतो. भाषा बदलते, भाजीचा बाजार बदलतो, पाण्याची चव बदलते. परंतु मृग आणि व्याध काही बदलत नाहीत. बदलीच्या प्रत्येक गावी, सामान लागले न लागले तोच, गच्चीवर जाऊन ही मंडळी आपापल्या जागी आहेत ना, हे पाहून घेण्याची मला सवय होती. त्यांत रोहिणीवर माझा लोभ अधिक. तांबूस, शांत, घरंदाज असा तो तारा आहे. आणि नेमका त्याच्याच शेजारी, लांबवलेल्या हाताच्या एका बोटाच्या अंतरावर, शांतीशी ज्याचा काडीमात्र संबंध नाही असा एक प्रकार चालू आहे!

तेथे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक बाल-तारा आहे. ज्योतिर्विदांनी त्याला 'एचएल टाउरी' असे रुक्ष नाव दिले आहे. तो आपणांपासून सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षे दूर असून त्याचे वय दहा लाख वर्षांच्या आसपास, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने पाळण्यातले, आहे. चिली देशातील आटाकामा वाळवंटात, पाच हजार मीटर उंचीच्या पठारावर, सहासष्ट आकाशकांची 'आल्मा' नावाची वेधशाळा आहे. तिने २०१४ साली ह्या ताऱ्याचे चित्र प्रसिद्ध केले. मध्यभागी तेजाचा ठिपका आणि त्याभोवती एकात एक बसविलेली उजळ व काळी कडी. जुन्या ग्रामोफोनची तबकडी कोणी तिरपी धरावी तसे ते दिसते. ही तबकडी वायूची व धुळीची आहे, आणि तिच्यातून ग्रह घडत असावेत. आपली पृथ्वीही साडेचार अब्ज वर्षांपूर्वी अशाच एका तबकडीत धुळीच्या रूपाने गरगरत होती. आपले गावच काय, सह्याद्रीही त्या वेळी धुळीत होता.

ही कल्पना नवी नाही. कांटने ती १७५५ साली मांडली आणि लाप्लासने १७९६ साली तिला बाळसे दिले. फिरणारी विरळ अभ्रिका आकसत जाते, चपटी होते, मध्यभागी सूर्य जमतो आणि उरलेल्यातून ग्रह होतात. शाळेत आपण हे पाठ केले आणि गुण मिळविले. परंतु ह्या सुबक चित्रात हिशेबाची एक मोठी गफलत होती, आणि मी हिशेबखात्यातला मनुष्य असल्यामुळे मला चित्रापेक्षा गफलतीतच अधिक गोडी वाटली. सूर्यमालेतील एकंदर द्रव्यापैकी ९९.८ टक्क्यांहून अधिक द्रव्य एकट्या सूर्याच्या नावावर आहे. आता कोनीय संवेगाचे, म्हणजे सोप्या भाषेत फिरकीच्या पुंजीचे, खाते उघडून पाहावे. त्यात सूर्याच्या नावावर शेकडा एकही नाही! साठ टक्के एकट्या गुरूने धरून ठेवली आहे आणि उरलेली बहुतेक शनी, युरेनस, नेपच्यून ह्यांच्याकडे आहे. सर्व एकाच अभ्रिकेतून जमले असेल तर द्रव्य एकाकडे आणि फिरकी दुसऱ्याकडे, अशी वाटणी कोणी केली?

फिरकी असलेली वस्तू पडत नाही, हे आपण भोवऱ्यावरून जाणतो. सूर्याभोवती फिरणाऱ्या धुळीच्या कणाचे तसेच आहे. दूर राहण्यात त्याला काहीच अडचण नाही. त्याची अडचण घरी येण्याची आहे. आत सरकावयाचे तर त्याने आपली फिरकी आपल्याहून दूर असलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात टाकली पाहिजे, आणि ती घेऊन त्या दुसऱ्याने आणखी दूर गेले पाहिजे. ज्यांनी घराजवळच्या जागेसाठी आपसातल्या बदलीचे अर्ज केले आहेत, त्यांना हा नियम अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. एक आत, तर एक बाहेर. ह्याला ब्रह्मांडातही अपवाद नाही.

पण ही देवघेव होते कशी? दोन थर एकमेकांना घासले म्हणजे वेगवान थर मंद थराला थोडी गती देतो. मधाच्या चिकटपणामुळे चमचा फिरविताना सारा मध ओढला जातो, तसे. परंतु तबकडीतला वायू मधासारखा नव्हे. तो आपल्या कोणत्याही निर्वात पंपातल्या हवेहून फारसा दाट नाही. त्याच्या अंगच्या चिकटपणावर विसंबून राहिले तर सूर्य जमण्यास विश्वाच्या आजच्या वयाच्या शेकडो पट काळ लागेल. प्रत्यक्षात अशा तबकड्या तीस लाख ते एक कोटी वर्षांत संपतात. तेव्हा चिकटपणाऐवजी दुसरे काहीतरी काम करीत असले पाहिजे. आणि ते 'काहीतरी' म्हणजे घुसळण असावी, असे सर्वांना वाटू लागले. शास्त्रीय परिभाषेत तिला संक्षोभ म्हणतात. संथ धार सुटते, भोवऱ्यात भोवरे पडतात, आणि जे काम कणांना जमले नसते ते भोवरे करतात.

घुसळण कशामुळे होते, हे मात्र कोणास सांगता येईना. शेवटी १९७३ साली शकुरा आणि सुन्यायेव ह्या दोन सोव्हिएट शास्त्रज्ञांनी कृष्णविवरांभोवतीच्या तबकड्यांचा विचार करताना एक व्यवहारी मार्ग काढला. घुसळण किती, हे न कळल्यामुळे त्यांनी तिच्या जागी 'आल्फा' हे एक ग्रीक अक्षर घातले, ते शून्य आणि एक ह्यांच्या दरम्यान असावे असे ठरविले, आणि पुढचे सारे गणित बिनबोभाट पार पाडले. अंदाजपत्रके करणाऱ्यांच्या हे ताबडतोब लक्षात येईल. ह्याला आपण ठोक तरतूद म्हणतो. तपशील हाती नसतो, पण काम अडून राहू नये म्हणून एक आकडा घालावयाचा. ग्रह घडविणाऱ्या तबकड्यांच्या शास्त्राने पुढली अनेक वर्षे ह्या ठोक तरतुदीवर काढली आहेत. हे मी उपहासाने म्हणत नाही. चांगली ठोक तरतूद करावयास मोठी अक्कल लागते.

आता ह्याच घुसळणीची दुसरी बाजू. तबकडीत जी हवीहवीशी, तीच दुसऱ्या एका ठिकाणी माणसाची हाडवैरी होऊन बसली आहे; आणि ह्या दोन ठिकाणांमध्ये ये-जा करणारा पहिला थोर मनुष्य म्हणजे लायमन स्पिट्झर. सूर्याजवळून एखादा तारा गेला, त्याने सूर्यातून तप्त वायूची एक दोरी ओढून काढली आणि तिचे ग्रह झाले, असे जेम्स जीन्सप्रभृतींचे मत एके काळी फार मान्यता पावले होते. अशी तप्त दोरी गोठण्याऐवजी विरूनच जाईल, असे १९३९ साली दाखवून देऊन ते मत ज्याने मोडीत काढले, तो हा स्पिट्झर. पुढे १९५१ साली अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांनी, आमच्या देशात सूर्याची शक्ती काबूत आली आहे, अशी एक घोषणा केली. घोषणा पोकळ निघाली. परंतु ती वाचून बर्फावर खेळावयास गेलेल्या स्पिट्झरच्या डोक्यात, डोंगरावर चढविणाऱ्या दोरगाडीत बसल्या बसल्या, खरोखरीच तसे कसे करता येईल हा विचार सुरू झाला. त्यातून प्रिन्स्टन येथील अणुसंमीलनाची प्रयोगशाळा जन्माला आली. ग्रहांचा माणूस असा भट्टीकडे वळला.

सूर्यात हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे मीलन होऊन ऊर्जा निघते. पृथ्वीवर तेच करावयाचे तर जड हायड्रोजनचा वायू दहा-पंधरा कोटी अंशांपर्यंत तापविला पाहिजे. इतक्या तापलेल्या वायूतील अणू फुटून इलेक्ट्रॉन सुटे होतात. ह्या अवस्थेला आपल्या परिभाषाकारांनी 'आयनद्रायू' असा शब्द योजिला आहे. शब्द सार्थ आहे. पण तो उच्चारून होईपर्यंत खुद्द द्रायू निसटून जावयाचा! मी आपला प्लाझ्माच म्हणतो. कोणत्याही धातूचे भांडे त्याला चालत नाही. म्हणून चुंबकीय क्षेत्राचे अदृश्य भांडे करून त्यात तो तरंगत ठेवावयाचा, अशी युक्ती. कागदावर तीत काहीच उणे नव्हते. १९५५ सालच्या ऑगस्टमध्ये जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा. संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळविण्याचा मार्ग दोन दशकांच्या आत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षपदावरून केले. वीस वर्षे १९७५ साली संपली. ते पाहावयास भाभा नव्हते. १९६६ सालच्या विमान-अपघातात ते गेले.

ह्या भाकितावरून आजही विनोद होतात. संमीलनाची वीज नेहमीच तीस वर्षे दूर असते, हा त्यांतला सर्वांत झिजलेला. मला तो कधीच आवडला नाही. दिलेली मुदत का टळली, हे विचारावयाचे सोडून टळली एवढ्यावरच हसणे, हे मला कचेरीतही रुचत नसे.

मुदत टळण्याचे कारण घुसळण. भांड्याची भिंत अदृश्य असली तरी भक्कम असेल, थोडीफार उष्णता झिरपेल ती कणांच्या परस्पर टकरींमुळे, असा हिशेब होता. प्रत्यक्षात उष्णता त्याच्या कितीतरी पट वेगाने बाहेर पडू लागली. डेव्हिड बोम ह्यांनी चाळीसच्या दशकात अशा गळतीचा एक नियम सांगून ठेवला होता. प्लाझ्मा जितका अधिक तापवाल तितका तो अधिक गळेल, असे त्याचे तात्पर्य. तो सर्वत्र खरा असता तर सारा उद्योग तेथेच आटोपला असता. हिशेबात न बसणाऱ्या ह्या गळतीला शास्त्रज्ञांनी 'असामान्य' असे नाव दिले. प्रत्येक यंत्रात, प्रत्येक देशात, प्रत्येक दिवशी आढळणाऱ्या गोष्टीला असामान्य म्हणणे, ह्यातली गंमत त्यांच्याही ध्यानात होती. पण नाव टिकले. आपल्याकडे ज्या रकमेचे शीर्ष सापडत नाही ती 'सस्पेन्स'मध्ये टाकण्याची चाल आहे. वर्षअखेरीस कधीकधी असे दिसते की मूळ खर्च किरकोळ आणि सस्पेन्सच अवाढव्य.

हे सारे मला पुस्तकांतून कळले असते की नाही, शंका आहे. गुजरातेत असताना साबरमतीच्या काठच्या आमच्या वसाहतीत शेजारच्या बिऱ्हाडी एक ओडिया गृहस्थ राहत. गांधीनगरजवळच्या भाट गावी इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च ही संस्था आहे. हे प्लाझ्मातल्या संक्षोभाचेच अभ्यासक. आमचे संभाषण हिंदीत चाले, आणि दोघांनाही ती भाषा परकी असल्यामुळे फार नेमके बोलावे लागे. मी त्यांना एकदा सरळच विचारले, "डॉक्टरसाहेब, भांड्याला भोक नाही, मग गळते कोठून?" ते हसले आणि म्हणाले, "चुलीवरची डाळ पाहिली आहे ना? तळाशी ताप, वर गारवा. ह्या फरकामुळेच ती फिरू लागते, आणि फिरते म्हणून ताप वर येतो. मध्ये पंधरा कोटी अंश आणि दोन मीटरवर भिंत. एवढ्या फरकावर डाळ स्वस्थ कशी बसेल?" म्हणजे ज्या उताराच्या माथ्यावर आपण मोठ्या कष्टाने उष्णता चढवून ठेवतो, तो उतारच भोवऱ्यांना जन्म देतो. बाहेरून कोणी शत्रू आलेला नसतो.

संस्थेतले 'आदित्य' नावाचे यंत्र मी त्यांच्यामुळे पाहिले. ते १९८९ साली चालू झाले. त्याच्या वलयाची त्रिज्या पाऊण मीटर, आणि त्यातला प्लाझ्मा टिकावयाचा सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा. मोठ्या राष्ट्रांच्या यंत्रांपुढे हे खेळणेच. परंतु त्या खेळण्याच्या कडेला सुयांसारख्या शलाका खुपसून आपल्या लोकांनी १९९२ साली एक गोष्ट जगापुढे मांडली: गळती पावसाच्या रिपरिपीसारखी एकसारखी नसते, मध्ये शांतता आणि मग एकदम लोट, अशी ती चालते. घुसळणीतून लोण्याचे गोळे यावेत तसे प्लाझ्माचे गोळे सुटून कडेकडे जातात. पुढे ह्या गोळ्यांचा अभ्यास जगभर झाला. गरीब देशाने मोठे यंत्र बांधण्याची ऐपत नसताना लहान यंत्राला योग्य प्रश्न विचारला, ह्याचे मला आजही कौतुक वाटते. त्या काळी संस्थेचे संचालक प्रेधिमान काव होते. त्या शोधनिबंधावर त्यांचेही नाव आहे.

निराशेच्या काळातही दोन-तीन वेळा नशिबाने दार किलकिले केले. १९६८ साली नोवोसिबिर्स्क येथील परिषदेत आर्त्सिमोविच ह्यांनी सांगितले की, आमच्या टी-३ ह्या 'टोकामॅक' नावाच्या वलयाकृती यंत्रात प्लाझ्मा एक कोटी अंशांच्या घरात तापतो आणि बोमच्या नियमापेक्षा पुष्कळच कमी गळतो. पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. तेव्हा सोव्हिएटांनी चक्क इंग्रजांनाच, तुमची उपकरणे घेऊन या आणि मोजा, असे आमंत्रण दिले. शीतयुद्ध ऐन भरात असताना कल्हमची मंडळी लेसरचे साहित्य घेऊन मॉस्कोस गेली, त्यांनी मोजले, आणि १९६९ साली जाहीर केले की रशियनांचे म्हणणे खरे आहे. लेखापरीक्षणाच्या इतिहासात इतका उदार प्रसंग माझ्या वाचनात दुसरा नाही. त्यानंतर १९८२ साली जर्मनीत गार्शिंग येथे फ्रिट्झ वाग्नर ह्यांना असे दिसले की, एका मर्यादेपलीकडे तापविल्यावर प्लाझ्मा अकस्मात शहाण्यासारखा वागू लागतो आणि उष्णता धरून ठेवण्याची त्याची शक्ती जवळजवळ दुप्पट होते. कोणी सांगितलेले नव्हते, कोणाची अपेक्षा नव्हती. कारण मागाहून शोधावे लागले.

ते कारण मला माझ्या गच्चीवरच्या लहानशा दुर्बिणीतून दिसते. गुरूवर जे करडे-तांबूस पट्टे आहेत, ते शाळकरी मुलालाही दाखविता येतात. हे पट्टे म्हणजे वाऱ्याचे प्रवाह. एक पूर्वेकडे, त्याच्या शेजारचा पश्चिमेकडे. लहान भोवरेच आपली शक्ती त्यांना पुरवून त्यांचे पोषण करतात, आणि बलवान झालेले हे पट्टे दोन बाजूंनी ओढून नव्या भोवऱ्यांना चिरून टाकतात. टोकामॅकच्या पोटातही असेच पट्टे तयार होतात, हे शतकाच्या अखेरीस संगणकावरील गणितांनी स्पष्ट केले. ज्या घुसळणीने चोरी केली, तीच आपल्यामधून पहारेकरी उभा करते. समुद्रमंथनातून हलाहल आणि अमृत दोन्ही निघाल्याची कथा आपण लहानपणी ऐकतो. परंतु तेथे हलाहल प्यावयास शंकर होते. येथे हे काम मंथनानेच अंगावर घेतले आहे.

तबकडीकडे परत यावयास एक जुनी फाइल उघडावी लागेल. १९५९ साली मॉस्कोत येव्गेनी वेलिखोव्ह नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाने एक लहानसा निबंध लिहिला. विषय असा: एकात एक दोन नळकांडी, मध्ये वीज वाहून नेणारा द्रव, आणि उभे चुंबकीय क्षेत्र. नळकांडी वेगवेगळ्या वेगाने फिरविली तर आतला प्रवाह संथ राहील काय? एरवी जो संथ राहिला असता, तो चुंबकीय क्षेत्र अगदी दुबळे असले तरी ढवळून निघतो, असे त्याला आढळले. पुढल्याच वर्षी शिकागोहून आपल्या चंद्रशेखरांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले आणि १९६१ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याला जागा दिली. ग्रंथ सर्वांच्या कपाटात होता. आणि तरीही तबकडी कशाने घुसळते हा प्रश्न घेऊन लोक तीस वर्षे दारोदार हिंडत राहिले! प्रश्न एका खात्यात, उत्तर दुसऱ्या खात्यात, आणि दोन्हींचे जावक क्रमांक वेगळे. १९९१ साली बाल्बस आणि हॉली ह्यांनी ही दोन पाने एकत्र लावली. चुंबकीय रेषा ही लवचीक दोरीसारखी असते. तिने बांधलेल्या दोन कणांपैकी आतला पुढे पळतो, बाहेरचा मागे राहतो. दोरी आतल्याला मागे खेचते. त्यामुळे त्याची फिरकी कमी होऊन तो आणखी आत पडतो, आणि आत पडल्यामुळे अधिकच वेगाने पळतो. बाहेरच्याला ओढ मिळते, तो आणखी बाहेर जातो. दोरी ताणली जाते आणि ताणल्यामुळे हे सारे वाढतच जाते. आपसातली बदली घडवून आणणारा मध्यस्थ अखेर सापडला.

येथे गोष्ट संपली असती तर ती फारच सुबक झाली असती. परंतु 'आल्मा'च्या चित्रांनी पुन्हा पेच टाकला. एचएल टाउरीची कडी इतकी रेखीव आहेत, त्यांतली काळी अंतरे इतकी स्वच्छ आहेत, की तेथली धूळ फार पातळ थरात बसलेली असली पाहिजे. आणि जोराची घुसळण असती तर धूळ अशी बसलीच नसती. दुसऱ्या काही तबकड्यांतील वायूच्या गतीचे मापन केले, तेथेही घुसळण अपेक्षेहून बरीच मंद निघाली. कारण शोधता येते. तबकडीचा मधला भाग इतका थंड असतो की तेथे वीज वाहून नेणारे सुटे कणच अपुरे. मग चुंबकाची दोरी पकडणार कशाला? आता पुष्कळांचे असे मत होत चालले आहे की फिरकीचा मोठा हिस्सा वरच्या थरातून सुटणारा चुंबकीय वारा बाहेर उडवून नेत असावा. म्हणजे भट्टीत नको तेवढी घुसळण, आणि अभ्रिकेत हवी तेवढी नाही! तरीही जी थोडी आहे तिच्यातून तेथेही गुरूसारखे पट्टे पडू शकतात, आणि अशा पट्ट्यांच्या दाबात खडे अडकून राहतात. हे अडकणे महत्त्वाचे आहे. कारण पृथ्वीच्या अंतरावर मीटरभर आकाराचा सुटा धोंडा वायूशी झगडत शे-दोनशे वर्षांत सूर्यात जाऊन पडावयाचा. कोणीतरी त्याला वाटेत थोपविल्याशिवाय ग्रह होणे नाही. ती काळी अंतरे अशा पट्ट्यांची की आधीच जन्मलेल्या ग्रहांनी नांगरलेली, ह्याचा वाद अजून चालू आहे.

आता खर्चाचे बोलू. कारण माझ्यासारख्याकडे शेवटी तोच कागद येतो. फ्रान्सच्या दक्षिणेस 'इटर' नावाचे प्रचंड टोकामॅक उभे राहत आहे. त्याच्या कल्पनेला १९८५ साली राजकीय रूप मिळाले, त्यात वेलिखोव्हचा मोठा वाटा होता; नळकांड्यांचा निबंध लिहिणारा तोच तरुण पुढे इटरच्या परिषदेचा अध्यक्ष झाला आणि २०२४ सालच्या डिसेंबरात, इटरमध्ये प्लाझ्मा पेटण्यापूर्वीच, वारला. भारत २००५ साली त्यात सामील झाला. यंत्राला बाहेरून वेढणारे सुमारे तीस मीटर उंचीचे आणि ३,८५० टन वजनाचे पोलादी पात्र आपण दिले. त्याचे भाग सुरतेजवळ हजिरा येथे घडले. एवढे अवाढव्य कशाला, हा प्रश्न मी शेजाऱ्यांना विचारला होता. त्यांचे उत्तर: "भोवऱ्यांसाठी. उष्णता पळतेच, तेव्हा पळून जावयास तिला वाट लांब द्यावयाची." म्हणजे हे सारे पोलाद, हे उणे २६९ अंशांवर ठेवलेले चुंबक, ह्या साऱ्या खर्चाचे खरे शीर्ष संक्षोभ हेच आहे. घुसळण थोडी अधिक समजली, तर भट्टी थोडी लहान होईल. ज्या देशांची ऐपत बेताची त्यांना ह्या शास्त्राचे महत्त्व म्हणूनच अधिक.

मुदतीचे म्हणाल तर ती पुन्हा पुढे गेली. २०२४ साली मांडलेल्या सुधारित वेळापत्रकाप्रमाणे संशोधनास आरंभ २०३४ साली व्हावयाचा आहे. 'सुधारित' ह्या शब्दाचा अर्थ आपणांस ठाऊक आहे. इंग्लंडमधील 'जेट' ह्या यंत्राने २०२३ साली, निवृत्त होण्यापूर्वी, पाच-सहा सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा संमीलनातून काढून दाखविली. घरच्या मीटरच्या भाषेत ही सुमारे एकोणीस युनिटे, आणि तीही उष्णतेच्या रूपात. शिवाय प्लाझ्मा तापविण्यास त्याहून अधिक खर्ची पडली. ज्यांना हसावयाचे ते हसोत. परंतु असामान्य म्हणून सस्पेन्समध्ये टाकलेली रक्कम आता पुष्कळशी आपापल्या शीर्षाखाली लागली आहे, आणि हिशेब ज्याने स्वतः जुळविले आहेत त्याला ह्यात केवढे काम असते ते कळेल.

आमचे शेजारी सेवानिवृत्त होऊन भुवनेश्वरला गेले. सामान ट्रकमध्ये चढत असताना मी त्यांना, थोडे धीटपणानेच, विचारले, "तुमच्या हयातीत दिवा लागेल?" ते दोरी आवळणाऱ्या हमालाकडे पाहत होते. "नाही लागणार," ते म्हणाले. आणि त्या हमालाला, पुस्तकांची पेटी तळाशी ठेव, म्हणून सांगावयास गेले. तीस वर्षे एकाच प्रश्नापाशी बसलेल्या माणसाच्या तोंडून मला काहीतरी निराळे ऐकावयाचे होते, हे उघड आहे. त्यांना तसे काही बोलण्याची गरज वाटली नाही.

त्यानंतर फोन होत राहिले. बहुधा दिवाळीस, आणि रथयात्रेस मी करावयाचा. २०२२ साली मात्र कोणताही सण नसताना त्यांचा फोन आला. प्रिन्स्टनला, त्या स्पिट्झरच्याच प्रयोगशाळेत, गॅलियम, इंडियम आणि कथील ह्यांचा पातळ मिश्रधातू दोन नळकांड्यांमध्ये घालून, चुंबकीय क्षेत्रात फिरवून, वेलिखोव्ह-चंद्रशेखरांनी सांगितलेले अस्थैर्य अखेर त्याच्या मूळ रूपात प्रत्यक्ष पाहण्यात आले होते. ह्या खटाटोपात त्या लोकांची वीसएक वर्षे गेली. कागदावर ते सिद्ध झाले त्याला त्रेसष्ट वर्षे झाली होती. तबकडीतली घुसळण भांड्यात उतरली! डॉक्टरसाहेबांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. भांडे केवढे, वेग किती, खुणा कशा ओळखल्या, हे ते अर्धा तास सांगत होते आणि पलीकडून त्यांच्या पत्नी जेवावयास हाका मारीत होत्या.

"आता पुढे काय?" मी विचारले.

"आता ते आणखी मोठे भांडे मागतील," ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. मग थोडे थांबून त्यांनी मलाच विचारले, "भाईसाहेब, तुमच्याकडे आला असता तर प्रस्ताव मंजूर केला असता ना?"

मी म्हणालो, "अंदाजपत्रक पाठवा, पाहू."